लाभ, एक, दोन

मोजायला बसण्याआधी काका दोन्ही तळहात समोर धरायचे, मग उलटे करून दाखवायचे, आणि बघणारं कुणी असो वा नसो, म्हणायचे, "बघा बरं, काही न्हाई." मग पहिली वस्तू उचलायची आणि म्हणायचं, "लाभ." दुसरीला दोन, तिसरीला तीन. बटाटे असोत, खुर्च्या असोत की मतपत्रिका असोत, पहिल्या नगाला त्यांनी जन्मात कधी एक म्हटलं नाही.

तुमच्यापैकी ज्यांचं गाव धान्याच्या बाजाराचं आहे त्यांना यात काही नवल वाटणार नाही. मी पुण्याची, त्यातून कोथरूडची. आमच्याकडे तांदूळ पिशवीतून यायचा आणि किती आला ते पिशवीवर छापलेलं असायचं. मोंढ्यातला मापारी धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, हे मला वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली गावात, एका पत्र्याच्या कुंपणापलीकडून कळलं. तेही अर्धवट कळलं. पुढचा सगळा घोळ त्या अर्धवटपणाचा आहे.

काकांचं नाव सांगत नाही. गावात आमची मराठी सात-आठ घरं, सगळे त्यांना काकाच म्हणत. जालन्याच्या मोंढ्यात त्यांचे वडील मापारी, आजोबाही मापारी. हे शिकले, केमिस्ट झाले, आणि सोन्याच्या या गावात येऊन तीस वर्षं प्रयोगशाळेत दगडाच्या भुकटीतलं सोनं तोलत बसले. "धंदा बदलला न्हाई पोरी," ते म्हणायचे, "फक्त माप बारीक झालं."

निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे मानाचं म्हणावं असं एकच काम उरलं होतं, कौन्सिलच्या निवडणुकीची मतमोजणी. त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट निघायचा आणि खिशात अंगठ्याला घालायची रबरी टोपी पडायची. वीस वर्षांत त्यांच्या टेबलावरचा एकही गठ्ठा एका कागदाने चुकला नव्हता. मोजणीची ऑफिसरबाई नव्या लोकांना त्यांच्याकडे बोट दाखवून सांगायची, "डू इट लाइक हिम." काका ऐकू न आल्यासारखं करायचे, पण त्यांचे कान लाल व्हायचे. "आमच्या घराण्यात मापात पाप झालं न्हाई," हे वाक्य त्यांच्याकडून ऐकलं नाही असा मराठी माणूस कालगुर्लीत नव्हता.

गणपतीला जेवणाची ताटं मोजायचा मान त्यांचा. आमच्या एका शेजाऱ्यांची मुलगी त्यांच्या मागे मागे फिरून मोजायला शिकली, आणि शाळेत गेल्यावर बाईंनी पेन्सिली मोजायला सांगितल्या तर म्हणाली, "लाभ, टू, थ्री." बाईंनी चिठ्ठी पाठवली, घरी कुठली भाषा बोलता म्हणून. ती चिठ्ठी काकांनी मागून घेतली आणि फ्रिजवर लावून ठेवली.

हे मला मागाहून कळलेलं. आम्ही कालगुर्लीत आलो तेव्हा निवडणूक दोन महिन्यांवर होती आणि मी कुणालाच ओळखत नव्हते. नवरा खाणीत इंजिनिअर, मी हॉस्पिटलच्या रिसेप्शनला लागले. कायम राहायचं पीआर होतं, सिटिझनशिपची फाईल आत गेलेली होती आणि तिच्यावर कुणीतरी बसलेलं होतं. लाल माती, रुंद रिकामे रस्ते, आणि रोज दुपारी खाणीतला सुरुंग. सुरुंग उडाला की आमच्या कपाटातल्या वाट्या एकमेकींना लागायच्या आणि मग गाव पुन्हा इतकं गप्प व्हायचं की आपणच काहीतरी वाजवावं असं वाटायचं.

काका शेजारचे. कुंपणावरून पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठलं गाव?" मी पुणे म्हटल्यावर, "असू दे, असू दे," असं मला धीर देत म्हणाले. बोलताना ते कायम आम्ही म्हणायचे. आम्ही जेवलो. आम्हाला उन्हाचं बाहेर पडवत न्हाई. आम्हाला तुमचं थालीपीठ आवडलं. मी अर्थातच समजले की घरात काकू आहेत.

समजायला कारणही होतं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला मी मागच्या अंगणात कपडे काढायला जायचे, आणि कुंपणापलीकडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईचा आवाज यायचा. बारीक, थोडा घोगरा, घाई नसलेला. "लाभ." मग तांदूळ भांड्यात पडल्याचा आवाज. "एक." पुन्हा तांदूळ. "दोन." आणि मग काही नाही. रोज एवढंच, आणि रोज त्याच लयीत. मला ते ऐकायला फार आवडायला लागलं होतं. परक्या गावात कुणीतरी मराठीत तांदूळ मोजतं आहे म्हणजे आपण अगदीच जगाच्या टोकाला आलेलो नाही, असं वाटायचं.

एक-दोनदा चमत्कारिक वाटलं खरं. खिडकीत दिवा नसायचा. काकांची गाडी दारात नसली तरी आवाज असायचा, त्यात काय, काकू घरीच असणार. पण अंधारात तांदूळ कशाला मोजतात? मी मनाशी म्हटलं, वीज वाचवत असतील, जुन्या लोकांना सवय असते. एकदा मी कुंपणापाशी जाऊन "काकू" अशी हाकही मारली. तांदूळ पडायचा थांबला. कुणी ओ दिली नाही. लाजाळू असतील म्हणून मी कपडे घेऊन आत आले.

मतमोजणीचं काम मला काकांनीच मिळवून दिलं. "घरात बसून काय करतीस? माणसं दिसतील," म्हणाले. आमच्या भागातल्या एका जागेसाठी दोनच उमेदवार होते, एक हार्डवेअरच्या दुकानाचा मालक आणि एक स्कूलबस चालवणारी बाई. मतं टपालाने आलेली. शनिवारी सहा वाजता दारं बंद झाली आणि हॉलमध्ये लांब टेबलांवर कागदांचे ढीग आले. आमच्या टेबलाचे प्रमुख काका. मी बसबाईंच्या नावाचा ढीग मोजायचा, पन्नासाचा गठ्ठा बांधायचा, त्यावर चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर दोन सह्या, एक मोजणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. तपासणारे काका. प्रत्येक गठ्ठा त्यांनी पुन्हा मोजायचा असा नियम होता.

काकांनी तळहात दाखवले, उलटे केले. मीही गमतीने तसंच केलं. एवढ्या लोकांनी विश्वासाने धाडलेले कागद, आणि मोजायला कोण, तर भाजीवाल्याकडून सुटे परत घेतानाही गोंधळणारी मी. इंग्रजीत मोजायला लागले तर बाविसाव्यालाच चुकले. मग नकळत तोंडात जे रोज कानावर पडत होतं ते आलं. हळूच म्हटलं, "लाभ." मग एक. दोन. तीन. आणि काय सांगू, कागद आपोआप सरकायला लागले. लाभ म्हणजे देवाचं नाव घेतल्यासारखं आधी म्हणायचं, मग मोजायला सुरुवात करायची, अशी माझी समजूत. ते म्हणताना हाताने पहिला कागद उचललेला असायचा, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मी मान वर केली तेव्हा काका माझ्या मागे उभे होते. डोळे मिटलेले. सभोवती कागदांची सळसळ, कुणाचं खोकणं, आणि हा माणूस देवळात उभा राहावं तसा उभा. मी गठ्ठा पुढे केला. त्यांनी तो न मोजता सही केली. दुसरा केला, त्यावरही सही. वीस वर्षांत न तपासलेला एक गठ्ठा पुढे न सोडणारा माणूस, सतरा गठ्ठ्यांवर नुसत्या सह्या करत गेला. मला वाटलं, माझ्यावर विश्वास आहे. जरा अभिमानही वाटला.

साडेआठच्या आधीच बेरीज झाली. हार्डवेअरवाले अकरा मतांनी पुढे. त्यांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, बसबाईंनी जाऊन हात मिळवला. आणि ऑफिसरबाई कागदाकडे बघत उभी राहिली. उघडलेली पाकिटं जितकी होती तितकी मतं भरत नव्हती. सतरा कमी होती.

मग शोधाशोध. टेबलांखाली बघितलं, कचऱ्याचे डबे उलटे केले, रिकामी पाकिटं एकेक करून दिव्यासमोर धरली. काहीच नाही. ऑफिसरबाई हळू आवाजात म्हणाली, "सेव्हन्टीन पीपल." काका खुर्चीवर बसले. मला म्हणाले, "सतरा माणसं दारातून आत आली पोरी. बाहेर कुणीच गेलं न्हाई. मग हायेत कुठं?" कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. त्या हॉलमध्ये आमच्याबरोबर आणखी सतरा माणसं आहेत आणि ती दिसत नाहीत, असं त्या क्षणी सगळ्यांनाच वाटलं असणार, कारण बाहेर पडताना जो तो मागे वळून बघत होता.

सोमवारी सकाळी पुन्हा मोजणी ठरली. रविवारचा सबंध दिवस काका पुढच्या अंगणातल्या विटा मोजत होते. संपल्या की परत दारापासून. मी चहा घेऊन गेले तर कपाकडे बघितलंसुद्धा नाही. "एकदा मोजलं की माणूस हरवत नसतं," म्हणाले. "हरवलं तर मापाऱ्यानं हरवलं." वीस वर्षांचं नाव त्या सतरा कागदांवर टांगलेलं होतं, आणि ते त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. त्या संध्याकाळीही कुंपणापलीकडून आवाज आला. लाभ, एक, दोन. घरात एवढी काळजी, आणि काकूंचं आपलं रोजचं चालू आहे, याचा मला किंचित रागही आला.

सोमवारी दुसऱ्या टेबलावरच्या माणसांनी आमचे गठ्ठे सोडले. पहिला गठ्ठा मोजून एक मुलगी म्हणाली, "फिफ्टी-वन." पुन्हा मोजला. फिफ्टी-वन. दुसरा. फिफ्टी-वन. तिसराही फिफ्टी-वन. मला कळलं. प्रत्येक गठ्ठ्यातला पहिला कागद, ज्याला मी लाभ म्हटलं होतं आणि ज्याला आकडाच दिला नव्हता, तो. सतरा गठ्ठे, सतरा माणसं. ती कुठे गेलेली नव्हती, मी बांधलेल्या गठ्ठ्यांत सगळ्यात वर बसून होती. मुलगी एकेक गठ्ठा मोजत होती आणि दर वेळी हॉलमध्ये तोच आकडा ऐकू येत होता.

बसबाई सहा मतांनी निवडून आल्या. हार्डवेअरवाल्यांचा चेहरा बघवत नव्हता, दोन दिवस त्यांनी अभिनंदनं घेतली होती. ऑफिसरबाईने चिठ्ठ्या हातात घेऊन विचारलं, "हू डिड दीज?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण डोळ्यांसमोर ती फाईल आली. सरकारी निवडणुकीत चूक, आणि माझं नाव. तेवढ्यात काकांनी दोन्ही तळहात वर केले. "मी तपासणारा. न तपासता सही केली. चूक माझी," ते इंग्रजीत म्हणाले, खणखणीत. मी तोंड मिटलं.

घरी जाताना त्यांच्या गाडीत मला रडू फुटलं. म्हटलं, "काका, चूक माझी आहे. तुम्ही कशाला अंगावर घेतलीत?"

"मला ठावं हाय. तुझी फाईल आत हाय ना? मग गप बस. आणि मापात पाप झालं तर ते मापाऱ्याचं असतं, हाताखालच्याचं नसतं. आमच्यात तसंच हाय."

"पण तुम्ही तपासलं का नाही?"

त्यांनी आधी वळण घेतलं. मग म्हणाले, "तू लाभ म्हणलीस. मला तपासायचं सुधरलंच न्हाई. कुठं शिकलीस?"

"काकूंकडून," मी म्हटलं. "रोज संध्याकाळी तांदूळ मोजतात ना. लाभ, एक, दोन. ऐकून ऐकून पाठ झालं."

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. समोर नुसता लाल सरळ रस्ता, एक गाडी नाही. माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला ऐकू येतं?"

मला प्रश्नच कळला नाही.

"ती जाऊन चार वर्षं झाली पोरी," काका म्हणाले. "पर्थला, हॉस्पिटलात."

खरं सांगते, मला गाडीतून उतरून पळावंसं वाटलं. दुपारचं ऊन होतं, काचा तापल्या होत्या, आणि माझ्या अंगावर काटा होता. काकांच्या चेहऱ्यावर मात्र भीती नव्हती. ते पुढे झुकले. "मला नुसतं लाभ ऐकू येतं. पुढचं येत न्हाई. चार वर्षं झाली, पुढचं येतच न्हाई. पुढं काय म्हणती?"

"एक," मी म्हटलं.

"अजून एकच म्हणती?"

"हो. लाभ, एक, दोन."

आणि ते हसले. डोळ्यांत पाणी, आणि हसतायत. "सुधरली न्हाई," म्हणाले. मग सांगितलं. काकू गिरगावातल्या. लग्न करून आल्या तेव्हा सासऱ्यांचं लाभ ऐकलं आणि त्याचा स्वतःपुरता अर्थ लावला. लाभ म्हणजे देवाचं, माणसांचं मोजणं त्यानंतर, एकपासून. त्यामुळे दोघांसाठी तांदूळ घेतले की भांड्यात पडायच्या तीन वाट्या. तीस वर्षं काका भांडले. "बाई, लाभ म्हणजेच एक. त्याच्यापुढं दोन." त्या म्हणायच्या, "असू दे की, कुणीतरी येतंच." आणि कुणीतरी यायचंच जेवायला. काकांचं म्हणणं, भात जास्त होतो हे कळल्यामुळे यायचं.

म्हणजे बघा, माझी चूक माझी स्वतःचीसुद्धा नव्हती. ती एका गेलेल्या बाईची होती, आणि ती माझ्या हातून त्या हॉलमध्ये सतरा वेळा झाली. तुम्ही म्हणाल, काकाच बोलत असतील तिच्यासारखं, एकट्या माणसाला लागतात सवयी. मीही तसं म्हणून बघितलं. पण काकांनी एक हा आकडा पहिल्या नगानंतर कधी उच्चारला असता, हे त्यांना ओळखणाऱ्या कुणालाच पटणार नाही.

त्यानंतर आमचा एक रिवाज पडला. संध्याकाळी मी कपडे काढायला गेले की काका कुंपणाशी येऊन उभे राहायचे आणि खालच्या आवाजात विचारायचे, "आज?" मी सांगायचे, "हो काका. लाभ, एक, दोन." ते मान डोलवायचे आणि आत जायचे. मला भीती वाटायची का? वाटायची. रोज वाटायची. पण त्यांना तेवढं एक सांगणं माझ्याकडून होत होतं, आणि दुसरं जे सांगायला हवं होतं ते मी कुणालाच सांगत नव्हते.

कारण गावात व्हायचं ते झालं. छोटं गाव, आणि निवडणुकीचा निकाल दोन दिवसांत फिरलेला. दुकानात, पेट्रोल पंपावर, सगळीकडे एकच गोष्ट, तो म्हातारा इंडियन मोजायला चुकला. आमचे लोक तर जास्तच. गणपतीला कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "काका, ताटं राहू द्या, आम्ही मोजतो. नाहीतर सतरा जण उपाशी राहायचे." सगळे हसले, काकाही हसले. मी पुऱ्या लाटत होते. लाटत राहिले. त्या दिवसानंतर त्यांनी कुणासमोर काही मोजलं नाही. तळहातही दाखवले नाहीत. भाजी घेताना पिशवी तशीच पुढे करायचे, घाल किती घालायचे ते.

वर्षभराने माझी सिटिझनशिप आली. समारंभात एक रोप हातात दिलं, फोटो काढले. काका पांढरा शर्ट घालून आले होते आणि सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांनी वाजवल्या. आता फाईलचं भय राहिलं नव्हतं. त्या दिवशी उठून चार लोकांत बोलले असते तर माझं काय बिघडणार होतं? मी मनाशी म्हटलं, आता जुनी गोष्ट झाली, उकरून कशाला काढायची. असं म्हणणारा माणूस नेहमी स्वतःच्या सोयीचं बोलत असतो, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. विमानाने पर्थला हलवलं. त्यांची मुलगी मेलबर्नहून तिकडे पोचली. जाताना काकांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली होती. "झाडांना पाणी घाल," म्हणाले. बाकी काही नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी चादरी काढत होते. पलीकडे घर बंद, अंधार. आवाज आला. "लाभ." तांदूळ पडला. "एक." आणि लगेच पुरुषाचा आवाज, "एक न्हाई, दोन."

"एक."

"दोन, बाई, दोन."

मी चादर हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. मग किल्ली घेऊन गेले. का गेले ते विचारू नका, राहवलं नाही. स्वयंपाकघर स्वच्छ होतं. भांडं पालथं घातलेलं, तांदळाच्या डब्याचं झाकण घट्ट, ओटा कोरडा. मी तिथे उभी असतानाच मुलीचा फोन आला. "बाबा गेले. जस्ट नाऊ," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो." ती विचारत होती, हो म्हणजे काय. ते घर आता विकलं गेलं आहे, तिथे एक तरुण ऑस्ट्रेलियन जोडपं राहतं आणि त्यांना अजून तरी काही ऐकू आलेलं नाही.

काही महिन्यांनी पुढची निवडणूक आली आणि मला मोजणीसाठी बोलावणं आलं. दारं बंद होण्याच्या तासभर आधी जाऊन मी ऑफिसरबाईला गाठलं. म्हटलं, मागच्या वेळचे ते सतरा गठ्ठे माझे होते. चूक माझी होती, त्यांची नव्हती. ते माझ्यासाठी खोटं बोलले, आणि मी बोलू दिलं.

ती शांतपणे म्हणाली, "आय नो, लव. चिठ्ठीवर तुझीच सही होती की." आणि मग तिने सांगितलं की त्या आठवड्यात तिने काकांना दोनदा फोन केला होता. मनाला लावून घेऊ नका, पुढच्या वेळी यायचंच आहे, टेबल तुमचंच आहे, असं सांगायला. चुका होतात, म्हणून तर आपण पुन्हा मोजतो. "तो नाही म्हणाला. म्हणाला, आय हॅव लॉस्ट माय मेझर. मला कळलं नाही. व्हॉट डझ दॅट मीन?"

माप हरवलेला मापारी कसला मापारी, हे मला इंग्रजीत सांगता आलं नाही. म्हणजे त्यांना कुणी काढलंच नव्हतं. माझ्या फाईलला कुठून धोकाही नव्हता. मी गावात एक शब्द बोलले असते तर ते त्या टेबलाशी परत बसले असते.

मी विचारलं, "त्या चुकीची नोंद कुठेतरी असेल ना? तिथे माझं नाव घालायचं आहे."

"देअर्स नो फॉर्म फॉर दॅट, लव," ती म्हणाली. "आम्ही फक्त आकडा दुरुस्त करतो."

आकडा तर त्या सोमवारीच दुरुस्त झाला होता. पण गावात अजूनही त्या निवडणुकीची गोष्ट निघाली की म्हाताऱ्याने घोळ घातला असंच म्हणतात, आणि त्यांची मुलगीही तेच खरं समजून आहे. तिला मी पत्र लिहिलं आहे. तुम्हीही ऐकून ठेवा. त्या सतराच्या सतरा गठ्ठ्यांत एक्कावन्न कागद मी घातले होते. त्यांनी नाही.